टाकीला लावलेला कान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही — तिला एक गोष्ट सांगितली की संध्याकाळपर्यंत कळमनुरीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ती पाठ होते. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही काही मला चौकात अडवून विचारणार नाही.

आमच्याकडे मला ‘कानवाले काका’ म्हणतात. जुना एअर कॉम्प्रेसर कुणाला घ्यायचा असला की आधी मला गाडीवर बसवून न्यायचं, असा रिवाजच पडलाय. मी जातो. सगळ्यांना गप्प करतो. टाकीवर पाना हलकेच वाजवतो, डोळे मिटतो, कान टेकवतो — आणि मग मान डोलावतो किंवा नकारार्थी हलवतो. हवा भरताना टाकी फाटली तर लोखंडाचे तुकडे उडतात, जवळचा माणूस वाचत नाही. म्हणून खात्री देणारं कुणीतरी लागतं. ते मी.

आता खरं सांगू? मला त्यात काहीच कळत नाही. बहिरा नाही मी — ठण्ण ऐकू येतं. पण चांगल्या टाकीचंही ठण्ण आणि कुजक्या टाकीचंही ठण्णच! मग निदान कसं करायचो? अर्धवट मिटल्या डोळ्यांनी विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचो. तो चुळबुळ करायला लागला, उगाच खिसे चाचपू लागला, की टाकी खराब. माणूस निवांत, तर टाकी ठीक. हसताय ना? हसा. वीस वर्षं माझं हे बिनबोभाट चाललं.

पण एवढंच असतं तर सांगायला बसलो असतो का?

सुजाता माझ्या जुन्या सोबत्याची मुलगी. तिनं नांदेड रोडला लोखंडी कपाटं रंगवायचं दुकान टाकलं, रंगाच्या फवाऱ्यासाठी कॉम्प्रेसर हवा होता. हट्ट्याला टायरच्या एका बंद दुकानातला मिळत होता, म्हणून मला घेऊन गेली. टाकीवरची पाटी घासून गेलेली, सेफ्टी वॉल्व्ह रंगानं चिकटलेला. तिनं हळूच विचारलं, टाकीत पाणी भरून दाब देऊन बघायचा का? पाण्यानं फुटली तर नुसती धार लागते, कुणाला इजा होत नाही. शहाणी पोरगी. मी मोठ्यानं म्हणालो, “काहून? माझ्या कानावर भरवसा न्हाई का?” चार माणसं हसली, ती ओशाळली. विकणारे आजोबा मात्र अगदी निवांत, आमच्यासाठी चहा टाकत होते. दुकान त्यांच्या मुलाचं, त्यांना बिचाऱ्यांना मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं — मग चुळबुळ कशाची करणार? मी मान डोलावली.

आठवड्याभरानं, सोमवारी, ऐटीत तिच्या दुकानात गेलो. ती टाकीची खालची तोटी उघडून हवेच्या ओलाव्यानं आत साचलेलं पाणी सोडत होती. पाणी लालभडक. त्यात गंजाचे नखाएवढे पापुद्रे. टाकी आतून पार खाल्ली गेलीय, हे कळायला कान कशाला लागतो? एकच वाक्य बोलायचं होतं. पण त्या एका वाक्यात माझी वीस वर्षांची इज्जत जात होती. मी चहा प्यालो, रंग छान बसलाय म्हणालो आणि घरी आलो.

शनिवारी परत गेलो. मशीनचं तोंड दक्षिणेला आहे, बरं नव्हे, दोन दिवस बंद ठेव, असं सांगितलं. बौद्धांच्या घरातल्या पोरीला मी दिशा सांगायला गेलो — अक्कल बघा माझी! ती हसत म्हणाली, “आमी न्हाई मानत ते दिशा-बिशा, काका.” मी आपला मान खाली घालून परतलो.

रविवारी तिचा फोन आला. माझं बोलणं तिला खटकलं होतं. म्हणून नळवाल्याचा दाब तपासायचा हातपंप आणून तिनं टाकीत पाणी भरलं, दाब दिला, आणि टाकीच्या पोटाखालून बारीक कारंजं उडालं. मी शिव्या खायची तयारी केली. खरं सांगतो, जरा हलकंच वाटलं मला.

“तुमच्या कानाला मागून कळलं व्हतं ना, काका? मला वाईट वाटू नये म्हून दिशेचं निमित्त केलं. तुमी जीव वाचवला माझा.”

मी म्हणालो, “व्हय. बराबर ओळखलंस.”

तिनं ते गावभर केलं. आता शिरड शहापूरहूनही फोन येतात. हल्ली मी आधी पाणी भरून दाब द्यायला लावतो आणि मगच पाना वाजवतो. लोक म्हणतात, काका किती काळजी घेतात! पाना वाजवायचा सोडलेला नाही. लोकांना तो आवडतो, मलाही आवडतो.

पण कानाचं सोंग सांगायला मी इतका वेळ घेतला नाही. ते ऐकून तुम्ही हसलात, मीही हसतो. सोमवार ते शनिवार ते मशीन चालू होतं. त्या दुकानात दुपारी सावलीची जागा एकच, टाकीला लागून. सुजाता तिथंच बसून डबा खायची. मला कसं माहीत? मी रोज दुपारी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बघत होतो — आहे ना अजून. असायची. मग मी घरी जाऊन जेवायचो.