रोहिडा आणि हातगुण

नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी गंगापूरच्या अलीकडच्या एका माळावरची अकरा झाडं सांभाळली. सांभाळली म्हणजे मोजली, खोडांवर नंबर टाकले आणि पानं तोडून शहरातल्या प्रयोगशाळेत आणली. झाडं रक्तरोहिड्याची. हा मूळचा वाळवंटाकडचा गडी. कधीकाळी इकडंही पसरलेला असावा, मग हवा पालटली आणि हे टोळकं तेवढं मागं राहिलं. त्यांच्यापासून पुढच्या रोहिड्यापर्यंत जायचं तर दिवसभराचा प्रवास. अशा एकट्या पडलेल्या झाडांमध्ये आपसांत किती वेगळेपण उरलंय, हे पानांतल्या डीएनएवरून शोधायचं, एवढंच माझं काम. शहरातल्या उस्मानपुऱ्यातून निघायचं, एसटी पकडायची, मग जीपमध्ये स्वतःला कोंबायचं आणि उरलेलं चालायचं.

माळावर शेळ्या घेऊन एक बाई यायच्या. साठीच्या असतील. मी त्यांना मावशी म्हणायचो, त्या मला सर. पूर्वी त्या गावाजवळच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर होत्या. लिंब, करंज, काहीही पेरा, त्यांच्या पिशव्या हिरव्यागार व्हायच्या. मग मुकादमानं माळावरच्या याच रोहिड्यांचं बी आणून दिलं. तीन वर्षं पेरलं, एक कोंब आला नाही. "हिचा हातगुणच नाय," असं म्हणून मुकादमानं दुसरी बाई लावली. गावात ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? तेव्हापासून मावशींना लोक खुरपायला बोलवायचे, कापूस वेचायला बोलवायचे, पण सरकी टोबायला, म्हणजे कापसाचं बी मातीत लावायला, कुणी बोलवत नसे. मृगात सगळ्या बायका रानात बी टोबत असायच्या आणि ह्या शेळ्यांमागं माळावर. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, शेळीच्या पायातला काटा काढता काढता. मी नुसतं हं म्हटलं. माझ्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

पहिला निकाल आला तेव्हा अकराही पाकिटांतला डीएनए हुबेहूब सारखा. प्रयोगशाळेतल्या माझ्या वरिष्ठ मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "सावलीत बसून एकाच झाडाची पानं भरलीस ना?" मला भयंकर राग आला. खरं सांगायचं तर ते ऊन आठवून माझाही माझ्यावर क्षणभर विश्वास बसेना. परत गेलो. या वेळी मावशींना साक्षीला घेतलं. पान तोडलं की त्या फांदीला चिंधी बांधायची आणि पान त्यांच्यासमोर पाकिटात टाकायचं. निकाल तोच.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मावशींनीच मला ओढ्याची ढासळलेली कड दाखवली. एका झाडाचं मूळ तिथून सरळ दुसऱ्या झाडाकडं गेलं होतं आणि मधेच त्याला वर फुटवा आला होता. मी तिथंच उकिडवा बसलो आणि त्यांना सांगितलं, की ही अकरा झाडं नाहीतच. पूर्वीचं एकच झाड आहे, मुळांतून फुटत फुटत पसरलेलं.

"म्हंजी समदी भावकीच की," त्या म्हणाल्या.

"भावकी कुठली, मावशी? एकटंच आहे ते. आणि या जातीला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो. तो इथं यायचा कुठून? म्हणून फुलं भरपूर, शेंग एखाददुसरी आणि तिच्यातलं बी पोचट."

त्यांनी उघड्या मुळावरची माती बोटांनी झटकली. मग म्हणाल्या, "म्हंजी माझ्या हाताचं काय नाय?"

"काही नाही. कुणीही पेरलं असतं तरी उगवलं नसतं."

"मग लिहून द्या."

मी म्हटलं, अहवाल इंग्रजीत असतो, मॅडमच्या सहीनं जातो, त्याला वेळ लागेल.

"त्यो ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. मला मराठीत द्या. टोबणी आठ दिसांवर आलीय."

मी वहीचं पान फाडलं. लिहिलं, "रोहिड्याचं बी मुळातच पोचट होतं. ते उगवलं नाही यात मावशींच्या हाताचा काही दोष नाही." खाली सही केली आणि वाचून दाखवलं.

"मावशींच्या?" त्या म्हणाल्या. "गावात मावश्या काय कमी हायेत व्हय? नाव घाला की."

दोन वर्षं मी त्या माळावर जात होतो. हातात उघडं पेन धरून मला विचारावं लागलं, तुमचं नाव काय. लाज वाटली. त्यांनी सांगितलं, स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, गावासकट, सावकाश. शेवटचं अक्षर उमटेपर्यंत त्यांनी कागदावरची नजर काढली नाही.