काकूंच्या माहेरची बॅटरी

हाताचा तळवा आडवा धरून "राहू द्या, लागेल तेव्हा वापरू" असं म्हणणारं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या काकांनी त्यात पीएचडी केली होती.

नाशिक रोडला माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे. वडिलांच्या माघारी मीच चालवते. काका नात्यातले नव्हेत, मागच्या कॉलनीत राहायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि एक जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पलंग, ओटा, दिवे बसवून घेतले. कारण काकूंना दमा. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं मशीनवर वाफ घ्यावीच लागते. माहेर सुरगाण्याच्या डोंगरात, तिथं लाईट कधी जाईल सांगता येत नाही. त्यामुळे बाई सहा वर्षं माहेरी मुक्कामाला गेली नव्हती. मशीन चाललं तर माहेर, नाहीतर नाही.

मी इंजिनाच्या बॅटरीखेरीज एक मोठी बॅटरी आत बसवून दिली आणि टपावर सोलर पॅनल लावलं. इंजिनावरही ती भरेल अशी सोय करते म्हटलं, तर "इंजिनावर लोड नको" म्हणाले. मग बजावून सांगितलं, "काका, थंडीत बॅटरी गारठते, लवकर बसते. गाडी रोज उन्हात उभी करा."

आठ दिवसांनी बघते तर पॅनलवर चादर. झालर लावलेली, चारी कोपऱ्यांना नाड्या.

"हे काय, काका?"

"नवीन आहे हो ताई. धूळ बसते, कावळे घाण करतात. लागेल तेव्हा काढू."

सोलर पॅनलला ऊन लागू नये म्हणून जपणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचा आणि पाहुणे आले तरी सोफ्याचं कव्हर निघायचं नाही. हे वेड तुमच्या-माझ्याही घरात असतं. पण आपल्या सोफ्यावर कुणाचा श्वास अवलंबून नसतो.

माहेरी जाण्याआधी सराव म्हणून दोघं इगतपुरीकडे धरणावर एक मुक्काम करून आले. आत सहा दिवे, पण जेवण मेणबत्तीवर. फोन चार्ज करायला काका टपरीवर गेले. परत आल्यावर मला ऐटीत म्हणाले, "बघा, बॅटरी वाचवली."

"काका, ती काय लोणच्याची बरणी आहे? भरली नाही तर नुसती बसूनही मरते."

"तुम्ही दुकानदार असंच सांगणार."

हे मला झोंबलं. तरी काकूंकडे बघून एक जाड केबल काकांच्या हातात दिली. मशीन बंद पडलं तर इंजिन सुरू करायचं आणि या केबलने दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या, तांबडं तांबड्याला, काळं काळ्याला. दोनदा म्हणून घेतलं. मान हलवत होते, ऐकत किती होते देव जाणे.

जानेवारीत गेले. पाचव्या दिवशी मी शटर वर करतेय तोच फोन.

"ताई, मशीन बंद पडलं. हिला श्वास घेता येईना."

मागे काकूंची धाप ऐकू येत होती.

"चादर कुठे आहे?"

"वरच आहे."

"केबल काढा. लवकर."

बराच वेळ नुसती खुडबुड. मग काका रडकुंडीला येऊन म्हणाले, "ताई, पिशवी फाटत नाहीये."

केबलसुद्धा पिशवीतच ठेवली होती या माणसाने. "दाताने फाडा," मी ओरडले. तेवढ्यात काकूंच्या भावाचा आवाज आला, "दाजी, इकडं द्या." इंजिन सुरू झालं. थोड्या वेळाने मशीनची घुरघुर ऐकू आली आणि काकूंची धाप हळूहळू उतरली. दहा मिनिटं आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही. शेवटी काका एवढंच म्हणाले, "चुकलं माझं."

त्यानंतर दोन हिवाळे ते महिना-महिना तिकडे राहिले. चादर पुन्हा दिसली नाही. फोन मात्र टपरीवरच चार्ज व्हायचा. गेल्या दिवाळीनंतर काका हार्ट अटॅकने गेले.

मागच्या महिन्यात काकू दुकानात आल्या. "गाडीतली बॅटरी तपासून देतेस का गं?"

मी म्हटलं, "काकू, आता गाडी कुठे जाणार? विकून टाका. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे."

"नको. वाफ मी गाडीतच घेते."

"अहो, घरात पलंगाशेजारी प्लग आहे."

"असू दे. घरात हे पेपर वाचत बसायचे. गाडीत मशीन लावलं की बॅटरीच्या मीटरकडे बघत माझ्याशेजारी बसून राहायचे. वाफ संपेपर्यंत उठायचे नाहीत."

मला काकांचा असा राग आला म्हणून सांगू. चाळीस वर्षांचा संसार, आणि बायकोच्या वाट्याला नवरा आला रोज वीस मिनिटं, तोही बॅटरी बसेल या धास्तीने. मी कॉलनीत जाऊन बॅटरीत पाणी भरलं, गाडी झाडाखालून उन्हात काढून लावली. मशीन सुरू झालं. काकू पलंगावर बसल्या, एका कडेला, शेजारी एका माणसाची जागा सोडून.