एक हात मागे

सरांचा डावा हात कायम पाठीमागे असायचा. भाजी घेताना, चहा पिताना, कुणाच्या मयतीला उभे असतानाही. लाखांदुरात नवा आलेला माणूस त्यांना गर्विष्ठ समजायचा. आम्हा शेजाऱ्यांना माहीत होतं, की ही व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरची सवय आहे. जुन्या रेडिओत काचेचे लालसर पेटणारे दिवे असायचे ना, तेच ते व्हॉल्व्ह. त्या डब्यात एवढा करंट असतो, की दोन्ही हात आत घातले तर तो छातीतून आरपार जातो. "एक हात मांगं, भाऊ," सर मला बजावायचे. "दोन हात आत गेले का माणूस गेला." मी पिठाची चक्की चालवणारा माणूस. मला कशाला त्या डब्यात हात घालायची हौस! पण ते बजावायचेच.

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. घरात दोघंच, सर आणि काकू. काकूंना लकवा झाला, वाचा गेली, एक अंग गेलं. पडून पडून पाठ फुटू नये म्हणून हवेची गादी आणली. तिच्या नळ्या आळीपाळीनं फुगतात आणि बसतात. त्यासाठी खाटेच्या पायथ्याशी एक लहानशी मोटर रात्रंदिवस चालू. कुणी चुकून बंद करू नये म्हणून सरांनी तिच्या बटणावर काळी टेप गुंडाळून टाकली होती.

काकू माहेरच्या करडी गावच्या. भाताच्या रोवणीच्या दिवसांत त्यांनी गाणं उचललं, की अख्ख्या बांध्यांतल्या बाया ते मागून झेलायच्या. लग्नानंतर सरांनी ते गाणं शेतात जाऊन कॅसेटमध्ये भरलं आणि स्वतः बनवलेल्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर काकूंना ऐकवलं. काकू लाजून सैपाकघरात पळाल्या म्हणे. हे सांगताना सरच लाजायचे. तो अँप्लिफायर पुढे भंगारात गेला. आता लकव्यानंतर सरांनी तीच कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरवर लावली, तर काकूंनी मानसुद्धा वळवली नाही. "आवाज पिचका येऊन राहिला," सर म्हणाले. "तिले तो आपला वाटतच नाही." आणि त्यांनी नवा अँप्लिफायर बांधायला घेतला.

काकूंवरून नजर हलायला नको म्हणून टेबल त्यांनी खाटेला लावूनच मांडलं. नागपूरहून सामान आणलं, डाग दिले, दिवे पेटले. कॅसेट लावली. गाण्याच्या आधी घूंऽऽ असा आवाज आला, आणि तो गाण्याच्या डोक्यावर बसून राहिला. काकूंनी तोंड भिंतीकडे केलं.

तिथून सरांच्या जिवाला चैन राहिली नाही. कंडेन्सर बदलले, ट्रान्सफॉर्मर आडवा केला, उभा केला, दिव्यांची अदलाबदल केली, अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला. घूंऽऽ काही जाईना. मग त्यांची नजर माझ्या चक्कीकडे वळली. भर गिऱ्हाइकीच्या वेळी येऊन उभे, एक हात मागे. "भाऊ, थोडी बंद कर ना." मी वैतागायचो, बायांची बोलणी खायचो आणि बंद करायचो. आवाज तसाच. मग त्यांनी खांबावरच्या डीपीला दोष दिला. वीज जायची तेव्हा अँप्लिफायरही बंद आणि गादीची मोटरही, म्हणजे तिथेही काही कळायचा मार्ग नाही. मी त्यांना म्हटलं, सर, राहू द्या आता, तुम्हीच जवळ बसून दोन ओळी म्हणा. ते चिडले नाहीत. "माह्या गळ्यात ते गाणं नाही रे," म्हणाले आणि पुन्हा डब्यात वाकले.

काकू थकत चालल्या होत्या. चमच्यानं दिलेलं पाणी ओघळून जायचं. सर डाग द्यायची तापलेली सळई खाली ठेवून त्याच हातानं ते पुसायचे. मी बाजूला उभा. काय करणार होतो मी? ना मला डब्यातलं कळत होतं, ना माणसातलं.

एका दुपारी त्या गेल्या. आवाज होता तसाच होता.

तेरवी झाल्यावर सरांनी मला हाक मारली. खाट तिथेच होती, गादी चपटी पडलेली. त्यांनी अँप्लिफायर लावला. दिवे पेटले. मी घूंऽऽ होण्याची वाट पाहत राहिलो, पण थेट काकूच गायला लागल्या. एवढा मोकळा, भरलेला आवाज, की मी दाराकडे पाहिलं. मागून बाया झेलत होत्या. पाण्यात पाय पडल्याचंही ऐकू येत होतं.

सर खाली वाकले, काळ्या टेपवरूनच बोटानं चाचपून मोटरचं बटण दाबलं. घूंऽऽ. बंद केलं. गाणं. पुन्हा लावलं. घूंऽऽ.

"गादीची मोटर होती, भाऊ," ते म्हणाले. "मीच तिले टेप लावली."

हवा होती गादीत, सर. घडीभर बंद केली असती तर काकूंना काही झालं नसतं. हे मला कळत होतं आणि त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

त्यांनी कॅसेट थांबवली. दिवे विझले. मोटर मात्र चालूच ठेवली. मी म्हटलं, सर, आता कायले? "बंद केली का जीव गमत नाही," ते म्हणाले.

रिकामी गादी हळूहळू भरली. एक नळी फुगायची, शेजारची बसायची, जसं कुणी कूस बदलतंय. सर खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी दोन्ही हात त्या गादीवर ठेवले.