गायी दिसण्याची वेळ

हजारो वर्षांपूर्वीच्या चित्रांचा कडा जवळ आला की केनान पाण्याची पखाल शंभर पावलं अलीकडे बाभळीला टांगायचा. हात पागोट्याला कोरडे पुसायचा. भिंतीकडे बोट कधी करायचा नाही, हनुवटीनं दाखवायचा. चहाचा तिसरा पेला होईपर्यंत चित्राविषयी चकार शब्द काढायचा नाही.

तरुणपणी तो सहारा वाळवंटातल्या तासिलीच्या पठारावर वाटाड्या होता. पाहुणे म्हणायचे, रंग फिके आहेत. मग वाटाडे चित्रांवरून ओला बोळा फिरवायचे. चित्रातल्या गायी क्षणभर लालबुंद व्हायच्या. पाणी सुकताना रंगही घेऊन जातं, हे फार उशिरा कळलं. आता तो त्याच कड्यातल्या एका कपारीचा राखणदार होता, आणि भिंत जवळजवळ कोरी.

एका हिवाळ्यात जानेत गावच्या पुरातत्त्व कचेरीतून लमीनसाहेब आला. त्यानं भिंत पाहिली.

"काका, इथं काही उरलं नाही. कपार यादीतून काढतो. राखण बंद."

"चहा तर घ्या," केनान म्हणाला.

मामेबहीण तामा शेळ्या घेऊन तिथंच बसली होती. थट्टेचं नातं, ती कसली सोडते.

"साहेब, ह्यानंच धुतल्या गायी. आता चहातून गाळून काढेल बघा."

"तुझ्या शेळ्यांकडे बघ. बडबडीत तुझ्यापुढे हरल्या बिचाऱ्या."

दोन पेले झाले. लमीननं घड्याळ पाहिलं. केनाननं सावली पाहिली. वाळूत काठी रोवलेली होती, भोवती तीन दगड. ते तिथं ठेवायला त्याला अकरा वर्षं रोज बसावं लागलं होतं.

तिसरा पेला भरला. सावली तिसऱ्या दगडाला टेकली. ऊन समोरच्या पिवळ्या कड्यावर पडलं आणि तिथून उजेड उसळून कपारीत शिरला.

भिंतीतून एक शिंग वर आलं. मग पाठ. मग वासरांसकट सगळा कळप, आणि मागे काठी उगारलेली बाई.

लमीनच्या हातातला चहा निवला.

"ही माझ्यासारखी चालते," तामा हळूच म्हणाली.

"म्हणून तर गायी पळतायत."

कपार यादीत राहिली. राखणही राहिली. उजेडाची खूण आता केनानला कळली होती; पुढच्या सहा वर्षांत त्यानं आणखी चाळीस कपारींची वेळ शोधली. लोक कोरड्या हातांनी कळप पाहून पठार उतरू लागले.

त्यापुढच्या कपारीत त्याची काठी अजून उभी आहे. दोन दगड जागेवर आहेत. मार्चमध्ये केनान गेला, तेव्हा तिसरा त्याच्या झोळीत होता.