सखूसाठी चावलेली भाकर

झुलाल आबा धुळ्यात एका गिरणीमालकाच्या बागेत माळी होते. १९८६ साली शहरात आलेली एक सर्कस इथेच बंद पडली आणि तिची म्हातारी माकडीण या बागेत मागे राहिली. काळं अंग, तोंडाभोवती करडी आयाळ, मूळ मुलूख दक्षिणेतलं जंगल. जगात तिची जात थोडीच उरली होती. धुळ्यात तर ती एकटीच. आबांनी तिचं नाव सखू ठेवलं.

मालकांनी तिच्या पिंजऱ्यावर पाटी लावली, 'माकडांपासून रोग होतात. लांब राहा.' माणसांपासून सावध राहायची सूचना आतल्या बाजूने लावावी, हे कुणाला सुचलं नाही.

सखूचे दात पडले होते. घरातल्या तान्ह्याला देतात तशी आबा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आधी स्वतः चावत आणि मऊ घास तिच्या हातावर ठेवत. डबा आणणाऱ्या भिकुबाई, त्यांच्या पत्नी, एकदा म्हणाल्या,

"मले कधी अशी चारी का भाकर?"

"तुले दात शेतस. रोज मन्हं डोकं खास, ते काय बिगर दातनी?"

त्या हिवाळ्यात आबांना खोकला लागला. दवाखान्यात क्षय निघाला. गोळ्या मधेच सोडू नका, असं बजावलं होतं. दोन महिन्यांत बरं वाटलं, आबांनी सोडल्या. भाकर चावणं मात्र एक दिवस सोडलं नाही.

मग सखू खोकू लागली. जनावरांचे डॉक्टर सुकदेव पाटील तपासून आबांकडे वळले. "क्षयच दिसतो. माकडांना हा बहुतेक माणसांकडूनच लागतो. आबा, तुमचा खोकला गेला का?"

आबा म्हणाले, "मन्हा घासमाईन गया का?"

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. "घासातून, खोकल्यातून." सखूला औषध सुरू झालं. आबांनाही पुन्हा गोळ्या, तोंडावर फडकं आणि पिंजऱ्यापासून लांब राहायचा हुकूम. दुसरा माळी दुधात भाकर कुसकरून देई. सखू ती हुंगे, बाजूला ठेवी आणि आबांच्या फडक्याकडे बघत बसे. आबा लांबूनच म्हणत, "खाय ना माय." महिन्याभरात ती गेली.

या वेळी आबांनी गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या. दवाखान्याने ते पूर्ण बरे झाल्याचं सांगितलं. पुढे मुलगी बाळंतपणाला आली, नात घास खायच्या वयाची झाली. भिकुबाई म्हणाल्या, "द्या ना तिले जरासं चावीसन."

आबांनी आपलं ताट उचललं आणि ओट्यावर जाऊन, घराकडे पाठ करून जेवले.