डबे धुणाऱ्या सीताबाईंचा अंदाज

पिपरी मेघेच्या टोस्ट कारखान्यात सीताबाई दुकानांतून परत आलेले पत्र्याचे डबे धुवायच्या. शिक्षण दुसरीपर्यंतचं, पण डब्याच्या कोपऱ्यातला चुरा पाहून कुठल्या दुकानात काय चाललंय ते बरोबर सांगायच्या.

एक्क्याऐंशी सालच्या लग्नसराईत टोस्ट पुरेनात. दहा डबे मागितले की पाचच मिळतात, हे दुकानदारांनी हेरलं आणि ते वीस मागू लागले. ऑर्डरी घेणारे नत्थूजी भोळेपणाने सगळं वहीत उतरवत आणि भट्ट्या धडधडत. मग लग्नं आटोपली, पाऊस लागला, आणि एसटीच्या टपावरून भरलेले डबेच परत यायला लागले. आतले टोस्ट इतके सादळलेले, की गाईंनीही नाक मुरडलं.

"महिनाभरात हे थांबलं नाई, तर एक भट्टी बंद. आठ बाया घरी," मालक मधुकररावांनी सांगून टाकलं. त्या आठांत सीताबाईही होत्या, आणि घरी कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्या ओल्या हातांनीच पुढे आल्या. "मालक, मागण्यावर काऊन जाता? जितके रिकामे डबे येतीन, तितकेच भरलेले पाठवा. माणूस खोटं बोलते, डबा नाई बोलत."

"आता डबेवाली धंदा शिकवून राह्यली!" नत्थूजी हसले. मालकांनी मात्र बुडत्याला काडीचा आधार म्हणून मान हलवली.

पहिला आठवडा झकास गेला. दुसऱ्यात सेलूहून एकही रिकामा डबा आला नाही, म्हणून एकही भरलेला गेला नाही, आणि ऐन बाजाराच्या दिवशी तिथल्या किसनरावांच्या दुकानात टोस्टचा तुकडा नव्हता. नत्थूजींना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण सीताबाई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हेत. सकाळच्या एसटीने त्यांनी सेलू गाठलं.

किसनरावांच्या स्वयंपाकघरात पाहतात तर काय, आधी पाठवलेले सातही डबे ओळीने मांडलेले, आणि आत तुरीची डाळ!

"पावसाळ्यात डाळीले कीड लागते न बाई," किसनरावांच्या घरच्या रुख्माबाई म्हणाल्या. "तुमचा डबा लय घट्ट."

सीताबाईंना हसू आवरेना. चूक त्यांचीच होती. घट्ट झाकणाचा डबा कुठली बाई परत करते? त्यांनी स्वतः तरी केला असता का?

दुसऱ्या दिवसापासून दर डब्याच्या तळाशी एक लाल पुठ्ठा जाऊ लागला. टोस्ट संपले की तो हाती लागायचा. डबा पावसाळाभर खुशाल ठेवा, पुठ्ठा तेवढा एसटीच्या कंडक्टरजवळ द्या, जितके पुठ्ठे येतीन तितकेच भरलेले डबे पाठवू, असा निरोप गावोगाव गेला. सेलूचे नऊ पुठ्ठे आले, समुद्रपूरचे तीन. समुद्रपूरचे दुकानदार बाबाराव यांनी वीस डबे मागितले होते. तीनच मिळाले म्हणून ते खूप तणतणले. पण तीन पुरले, आणि ताजा माल पाहून पुढच्या आठवड्यात पाच खपले.

महिना सरला. भरलेला एकही डबा परत आला नव्हता. मधुकरराव भट्टीपाशी आले तेव्हा बायांचे हात जागच्या जागी थांबले. नत्थूजींनी वही पुढे केली. मालकांनी ती उघडलीसुद्धा नाही. ते सरळ मोरीपाशी जाऊन उभे राहिले.

"सीताबाई, उद्या किती भाजायचं?"

इतकी वर्षं डबे घासले, पण मालकाने काही विचारायची ही पहिलीच वेळ.  सीताबाईंनी पदराला हात पुसले.

"साठ पुठ्ठे आले, साठच डबे, मालक. दोन्ही भट्ट्या लागतीन. अन् आम्ही आठही जणी."