एक पॉइंट सात

माझी आत्या एकोणीस वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासते. दुधात थेंबथेंब द्रावण सोडायचं, गुलाबी छटा आली की थांबायचं आणि किती लागलं ते ब्युरेटवर, म्हणजे काचेच्या उभ्या नळीवर, वाचायचं. आकडा एक पॉइंट सहापर्यंत आला तर दूध घ्यायचं. वर गेला की दूध आंबट, कॅन परत. आत्या प्रत्येक दूध तीनदा तपासते आणि तिचे तिन्ही आकडे जुळतात. याचा तिला भलताच तोरा.

अकरा वर्षांपूर्वी तिने सख्ख्या भावाचे, म्हणजे माझ्या बाबांचे कॅन परत पाठवले. एक पॉइंट सात, तिन्ही वेळा. वर चारचौघांत म्हणाली, "भाऊ असला म्हणून काय झालं, दूध आंबट आहे." बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. दोघंही हट्टी, मधल्यामध्ये माझं डोकं पिकलं.

सोमवारी नव्या केमिस्टबाईंनी आत्याने तपासलेलंच दूध पुन्हा तपासलं. त्यांचे आकडे एक पॉइंट सहा, पाच, सहा. आत्याचे सात, सात, सात.

"माझे जुळतात, तुमचे जुळत नाहीत, आणि चूक माझी?" आत्याला काही उमजेना.

"मावशी, नळी भरताना तुम्ही उभ्या असता, शून्य वरून बघता, त्यामुळे द्रावणाची पातळी आहे त्यापेक्षा जरा वर दिसते. मग गुडघे दुखतात म्हणून बसता आणि शेवटचा आकडा समोरून वाचता. दर वेळी तसंच. म्हणून चूकही दर वेळी तेवढीच होते."

आत्याने बसून नळी भरली. सहा आला. उभी राहून भरली. सात. पाचदा करून पाहिलं आणि खुर्चीतच बसून राहिली.

संध्याकाळी ती आमच्या दारात. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझं दूध चांगलं होतं."

"तेच कळत नाहीये रे. तेव्हाही मी अशीच वाचायचे. सातातला एक माझा, तर उरला सहा. पण सहा म्हणजे तरी काय, पाच असेल, सातही असेल. चांगलं होतं असं आज सांगता येत नाही. आंबट होतं असं तेव्हाही म्हणायला नको होतं."

बाबा गोंधळले. अकरा वर्षं त्यांनी या क्षणाची वाट पाहिली होती, हे मला तेव्हा कळलं. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव.

"मग ताई, मी इतकी वर्षं रागावलो, ते बरोबर की चूक?"



"थोडं बरोबर," आत्या म्हणाली. "किती, ते विचारू नकोस."

बाबा दारातून बाजूला झाले.